मडगार्डच्या आतलं माणूस

परबमामांच्या घरात बाईमाणूस नव्हतं, आणि तरीही ते दर महिन्याला एक डझन हिरव्या काचेच्या बांगड्या विकत घेत. माप ठरलेलं, सव्वादोन. कासाराने एकदा गमतीने लाल पुढे केल्या, तर मामा म्हणाले, "तिका लाल आवडनत नाय," आणि हिरव्या कागदात गुंडाळून चालते झाले. ही 'ती' कोण, हे आमच्या जोगेश्वरीत कोणालाच माहीत नव्हतं. तर्क मात्र घरोघरी तयार होते. आमच्या आईचा तर्क सगळ्यात वाईट होता आणि तो ती कानात सांगायची.

मामा डेंटर होते. गाडीचा पत्रा चेपला की तो ठोकून पुन्हा होता तसा करायचा, हा त्यांचा धंदा. परळहून तीन वर्षांपूर्वी एकटेच आले आणि लेण्यांच्या वाटेवर, कातळाला पाठ लावून त्यांनी पत्र्याची शेड घातली. त्या कातळामुळे मामांचा प्रत्येक ठोका परत यायचा. ठण्ण, आणि लगेच मागून ठण्ण. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, आत दोघं काम करतायत. डोकावलं तर मामा एकटे. दिवसाढवळ्या बायका त्या बाजूने जाताना पदर सावरून पावलं भराभर टाकायच्या.

माणूस उंच, किडकिडीत, खाकी हाफपँट, कपाळावर अष्टगंध. बोलताना ते तुमच्या डोळ्यांत कधी बघायचे नाहीत. तोंडाकडे टक लावून बघायचे. माझ्या दाताला काही लागलंय की काय, असं वाटून मी जीभ फिरवून घ्यायचो. आणि काम करता करता मध्येच हातोडा खाली ठेवून समोरच्याला विचारायचे, "वाजली काय?" बस, एवढंच. काय वाजली, कोणाची वाजली, काही नाही. मुलुंडहून आलेल्या एका शेटजींनी हा प्रश्न दोनदा ऐकला आणि अर्धवट ठोकलेली गाडी तशीच परत नेली.

अशा माणसाकडे मी आपल्या पायांनी का गेलो, तर नाइलाज म्हणून. आमच्याकडे अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी विलायती गाडी होती. बाकदार मडगार्डं, डोळे वटारल्यासारखे दिवे. गिरणीतला साहेब मायदेशी परत जाताना ती अप्पांना देऊन गेला. अप्पांनी ती चालवली कमी आणि पुसली जास्त. माझी धाकटी बहीण नंदा लहान असताना ते तिला म्हणायचे, "तुझी पाठवणी ह्या गाडीतून करीन." अप्पा गेले. नंदाचं लग्न ठरलं. आणि लग्नाला सहा दिवस असताना, गाडीचा सराव करायला निघालेल्या मी, पालिकेच्या शाळेतल्या मास्तराने, दुधाच्या केंद्राच्या कठड्याला तिचं डावं मडगार्ड घासून चांगलं परातीएवढं आत घालवलं. नंदा रडली नाही. तिने फडकं आणून मडगार्डवरची धूळ तेवढी पुसली, त्याचं मला जास्त लागलं.

सोमवारी दुपारी गाडी शेडमध्ये नेली. मामांनी पोच्यावरून तळहात फिरवला, मग कान लावला. डॉक्टर पाठीला लावतात तसा.

"कोण होता आत?"

"मी एकटाच."

"चुकी कोणाची?"

"कठड्याची," मी म्हणालो. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "माझीच," मी म्हणालो.

त्यांनी चाक काढलं, मडगार्डखाली काहीतरी खुडबुड केली आणि चाकाच्या जागी गोणपाटाचा पडदा सोडला. मग बाहेर येऊन हातोडा उचलला, पण मारला नाही. पडद्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "सरू, वायच वर घे गो. अजून. हां, थय."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मामांनी पहिला ठोका मारला. कातळावरून दुसरा आला. आणि त्या दोघांच्या मध्ये, मडगार्डच्या आतून, अगदी स्वच्छ, बांगड्या किणकिणल्या.

"वाजली काय?" मामांनी विचारलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. विज्ञान शिकवतो. पण त्या वेळी माझ्या तोंडून "हो" एवढंच आलं आणि त्याबरोबर मामांचा चेहरा इतका खुलला, की मला आणखीच भीती वाटली. मग हॉटेलातून दोन चहा आले. मला वाटलं एक माझा. मामांनी एक स्वतः घेतला आणि दुसरा गोणपाटाखालून आत सरकवला. मी शाळेचं काम आठवून उठलो. मे महिन्याची सुट्टी चालू होती, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

बुधवारी गेलो तर मडगार्ड होतं तसं. हात फिरवला तरी जागा सापडेना, इतकं झकास काम. गुरुवारी रंग पाहायला गेलो तर पुन्हा पोचा. जुन्या जागी नाही, वीतभर पुढे. शुक्रवारी तो बुजला होता आणि दिव्याच्या खाली तिसराच उमटला होता. मामांचा चेहरा उतरलेला. "पत्र्याक घाई कळना नाय, मास्तर," एवढंच म्हणाले, आणि हातातला हातोडा उलटसुलट करून बघत बसले.

घरी हे सांगायला नको होतं. आईने तेवढ्यात लिंबू काढलं. गाडी इथे नाही म्हटल्यावर ते माझ्यावरून उतरवलं. शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "अहो, ती आतली बाई ठोकतेय उलट्या बाजूने. तिला ही गाडी सोडायची नाहीये." नंदा हळदीच्या याद्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, टॅक्सीने गेले तरी चालेल रे मला." तिला चालणार नव्हतं. मलाही.

मग मी शनिवारी सकाळी कुर्ल्याच्या भंगारात जाऊन त्याच जातीच्या गाडीचं एक मडगार्ड शोधून काढलं. रंग वेगळा होता, पण धड होतं. बसमध्ये कंडक्टर घेईना, म्हणून ते डोक्यावर धरून रिक्षासाठी अर्धा तास उन्हात उभा राहिलो. लोक छत्री समजून हसत होते. ठरवलं होतं, मामांना सांगायचं, जुनं काढा, हे बसवा, संध्याकाळपर्यंत रंग मारा, संपला विषय.

शेडमध्ये पोचलो तेव्हा मामा पाठमोरे होते. "मामा!" मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. ते पडद्याशी बोलत होते. "सरू, काय झाला गो तुका? हात खय ठेवलंस? वाजव ना. एकदा वाजव." मागे रस्त्यावर एका ट्रकने असा भोंगा दिला, की माझ्या हातातलं मडगार्ड निसटून फरशीवर आदळलं. कातळानेही तो आवाज परत केला. मी दचकलो. मामांची पापणीसुद्धा हलली नाही.

मग मला सगळं कळलं. तोंडाकडे टक का, आणि 'वाजली काय' का.

मी पुढे होऊन गोणपाट वर केलं. भीती अजून होती, खोटं कशाला सांगू. आत कोणी नव्हतं. एक लाकडी दांडा जमिनीपासून मडगार्डपर्यंत तिरका टेकवला होता, त्याच्या टोकाशी लोखंडी ठोकळा बांधलेला, आणि ठोकळ्याच्या खाली, जिथे मनगट असतं तिथे, तारेत ओवलेल्या हिरव्या बांगड्या. निम्म्या फुटलेल्या होत्या. बाजूला चहाचा रिकामा कप.

मामांनी मला पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खाली बसले.

"भायरसून मी मारी, आतसून ती ठोकळो धरी," ते म्हणाले. "बावीस वर्सां. मधी पत्रो. ती माका दिसा नाय, मी तिका दिसा नाय. काकणां वाजली की समजायचा, हात थय आसा. मगे थयच मारूचा. एकदासुद्धा तिच्या बोटाक लागाक दिलंय नाय."

ती गेली आणि परळची जागा खायला उठली, म्हणून ते इकडे आले. ठोकळ्याला दांडा लावला, दांड्याला बांगड्या. ठोका ठोकळ्यावर बसला की त्या वाजत, हुकला की नाही. फुटत त्या तेव्हाही फुटायच्या, आताही फुटतात, म्हणून दर महिन्याला डझन. तसं चाललं होतं.

"आता माका ऐकाकच येना नाय, मास्तर. ठोकान ठोकान कान गेले. ठोको हुकता तो हाताक कळता, पण तवसर पत्रो आत गेलेलो आसता." मग घाईने म्हणाले, "कोणाक सांगू नकात."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कुर्ल्याच्या मडगार्डवर गेली. "दुसऱ्याचो गाल आणून तोंडाक चिकटवशात?" ते म्हणाले. नेहमीचा झणका होता, पण आवाजात जोर नव्हता. मग स्वतःच उठले आणि पाना शोधायला लागले. "बसवतंय. बहिणीचा लगीन आसा. माझा आता सपला."

माणूस हातोडा ठेवतो म्हणजे काय ठेवतो, ते मी त्या क्षणी पाहिलं. मला ते बघवेना. एरवी मी भित्रा माणूस आहे, झुरळाला घाबरतो. पण मी सदरा काढला, दांडा बाहेर ठेवला, बांगड्यांची तार मनगटाला गुंडाळली आणि गोणपाटाखालून मडगार्डच्या आत शिरलो.

आत काळोख होता, ग्रीसचा वास होता, आणि ठोकळा समजलो होतो त्याच्या दुप्पट जड होता. बाहेरून मामांचा आवाज आला. कोणाशी बोलतायत हे त्यांना आता माहीत होतं, तरी तो हळूच होता. "वायच वर घे. अजून. हां."

ठोका पडला. माझ्या दातांपर्यंत गेला.

"वाजली काय?"

"वाजली!" मी ओरडलो. मग लक्षात आलं, ओरडून काय उपयोग. मी पडद्याखालून हात काढून त्यांच्या पायावर एकदा थाप मारली. ठोका हुकला की दोनदा. अशी आमची भाषा ठरली. एक थाप, ठोका, एक थाप, ठोका. तीन तास. बावीस वर्षं ती बाई तिथे अशी बसली होती, हे मी घामाने निथळत असताना प्रत्येक ठोक्याला आठवत होतो. मध्येच गोणपाट जरासं वर झालं आणि मामांचा हात चहाचा कप घेऊन आत आला. आजवर तो दुसरा कप कोण प्यायचं, हे मी विचारलं नाही. माझा मी प्यायलो.

पोचा निघाला तेव्हा माझ्या मनगटाला नुसती तार होती. काचा मांडीवर पडल्या होत्या.

"वाजली काय?" शेवटच्या ठोक्यानंतर मामांनी विचारलं.

मी पायावर एक थाप मारली.

रात्रभरात रंग वाळला. रविवारी लग्न लागलं, आणि पाठवणीच्या वेळी अप्पांची गाडी मांडवाबाहेर उभी होती. चालवायला मावसभाऊ, कारण घरच्यांनी मला किल्लीला हात लावू दिला नाही. मामा आले होते. स्वच्छ धोतर, कपाळाला अष्टगंध. गर्दीपासून लांब, गाडीच्या डाव्या बाजूला, मडगार्डवर तळहात टेकून उभे होते. बायका जरा अंतर ठेवूनच होत्या.

नंदा सगळ्यांच्या पाया पडत आली. मामांपाशी वाकली, आणि उठताना तोल सावरायला तिने मडगार्डवर हात टेकला. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला हात. पत्र्यावर बांगड्या किणकिणल्या.

मामा दचकले. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग दुसराही हात पत्र्यावर ठेवला. नंदाला काही कळलं नाही. पण तिने हात काढला नाही, उलट हुंदका आवरताना तो पुन्हा हलला.

मामांनी गर्दीतून मला शोधलं. मी मान हलवायच्या तयारीत होतो. या वेळी त्यांनी विचारलं नाही.

"वाजली," ते म्हणाले.