तीन काळे कोट

“पापणी लवायच्या आत नंबर आला नाही, तर मला भाऊजी म्हणू नका,” असं वहिनीला ठणकावून धाकट्या दिरानं तिच्या लॉन्ड्रीतल्या कॉम्प्युटरपुढे बैठक मारली. तो प्रोग्रॅमर होता, आणि त्याच्या हुशारीबद्दल त्याच्याइतकी खात्री घरात दुसऱ्या कुणालाच नव्हती. गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या देणं त्यानंच बंद केलं होतं. गिऱ्हाइकानं नाव सांगायचं, कॉम्प्युटरनं कपड्याचा नंबर दाखवायचा. पण तो जुना डबा हार्ड डिस्क चाळताना दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकायचा. म्हणून दिरानं प्रोग्रॅमच्या पोटातला नावं-नंबरांचा छोटासा डेटाबेस अख्खाच्या अख्खा मेमरीत नेऊन ठेवला. नंबर खरोखरच झटक्यात येऊ लागले. वीज गेली तर काय, असं वहिनीनं विचारलं. वीज गेली की मेमरी पुसली जाते खरी, पण डिस्कवर नक्कल उतरवायची सोय उद्या करतो, म्हणत त्यानं चहा मागितला.

तो उद्या काही उजाडला नाही. पाचव्या दिवशी दुपारी वहिनीनं वाफेची नवी इस्त्री लावली आणि फ्यूज उडाला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तो नवजात बाळासारखा निरागस! चार दिवसांत आलेले एकशे बारा कपडे एका क्षणात बेवारस झाले.

त्याच वेळी मुख्याध्यापक दारात हजर. तासाभरात त्यांचा निरोप समारंभ होता आणि त्यांना कोट हवा होता. काळे कोट निघाले तीन. दिरानं छाती ठोकून पहिला त्यांच्या अंगावर चढवला, तर बाह्यांत बोटंही दिसेनात. दुसऱ्याचं बटण लागेना. ते दोघं मिळून ओढत असतानाच त्या कोटाचे मालक, दातांचे डॉक्टर, आत आले आणि आपला कोट परक्या पोटावर ताणलेला पाहून जागीच थिजले.

वहिनीनं शांतपणे तिसऱ्या कोटाचा खिसा उलटा केला. आत खडूची भुकटी होती.

“हा सरांचा,” ती म्हणाली.

मग संध्याकाळपर्यंत दीर एकेक कपडा उचलून दाखवत होता आणि वहिनी डाग बघून माणूस सांगत होती. शेवटी एक पँट उरली. मागची शिवण उसवलेली, खिशात च्युइंगगम वितळलेलं. ती चिमटीत धरून, असल्या गबाळ्याला पुन्हा दुकानाची पायरी चढू देऊ नका, असं त्यानं वहिनीला बजावलं.

“सोमवारी तुम्हीच टाकून गेलात ती, भाऊजी,” वहिनी म्हणाली.

त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि ते डिस्कवर उतरलं का, हे दोनदा तपासलं.