तुमचाच समजा

ज़ाहिरचा फोन म्हातारा झाला होता, पण करार अजून तरुण होता. आठ महिने बाकी. दुपार झाली की बॅटरी संपायची आणि साहेबांचा फोन आला की तो हमखास मान टाकायचा. आता कंपनीने वाट काढली होती: जुना फोन चालू स्थितीत गुरुवारपर्यंत जमा करा, नवा घ्या, करार पुन्हा पहिल्यापासून. ज़ाहिरचं काही ठरेना. त्याची बायको तुर्किया म्हणाली, की आपलं लग्नसुद्धा याहून लवकर ठरलं होतं.

शुक्रवारी दोघं ओमानमधल्या निज़वाला, तिच्या माहेरी गेली. संध्याकाळी कहवा चालू असताना सासऱ्यांची, नबहानकाकांची, शेळी खजुरांच्या बागेत हरवली. ज़ाहिरने फोनचा टॉर्च लावून ती शोधून दिली. काकांनी फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "माशाअल्लाह, काय उजेड आहे."

आपल्या वस्तूची कुणी तारीफ केली की काय म्हणायचं, हे ज़ाहिरच्या जिभेला लहानपणापासून पाठ होतं. "तुमचाच समजा, काका."

त्यावर समोरच्याने "नको, नको" म्हणायचं असतं. काका क्षणभर घुटमळले. "आता तुझं मन तरी कसं मोडू?" असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. ज़ाहिरला सिमकार्ड तेवढं परत मिळालं.

आता जमा करायला जुना फोनच नाही, म्हणजे नवाही नाही. दिलेली वस्तू परत मागितली असती, तर सासरी तोंड दाखवायची सोय उरली नसती. एकच मार्ग होता. आपणही तारीफ करायची.

रविवारी तो काकांकडे गेला आणि म्हणाला, "काका, तुमच्या हातात हा फोन काय शोभतो."

"तुझाच आहे, घे," काकांनी लगेच पुढे केला.

"छे छे, तुमच्याकडेच राहू दे," ज़ाहिरची जीभ म्हणाली. घरी येईपर्यंत तो तिला शिव्या घालत होता.

मंगळवारी त्याने जास्त तयारी केली. आवाज किती खणखणीत, दगडावर पडूनही काच कशी शाबूत, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच पटायला लागलं. त्यात काकांनी चार्जिंगच्या भोकातली वाळू आणि जुना हलवा खजुरीच्या काट्याने काढला होता, आणि आता पूर्ण चार्ज होणारा फोन रात्रीपर्यंत दमत नव्हता. इतका गुणी फोन आपल्या खिशात होता आणि आपण त्याला नावं ठेवत होतो, याचं ज़ाहिरला खरोखर वाईट वाटलं. काकांनी फोन पुढे केला. त्याने पुन्हा नको म्हटलं.

बुधवारी त्याने तुर्कियाला बरोबर नेलं. तारीफ झाली. "घे रे, तुझाच आहे," काका म्हणाले. ज़ाहिरने तोंड उघडायच्या आत तुर्कियाने हात पुढे केला. "आता तुमचं मन तरी कसं मोडायचं, बाबा?" म्हणत तिने फोन पर्समध्ये टाकला. काका बराच वेळ लेकीकडे कौतुकाने बघत राहिले.

गुरुवारी ज़ाहिर दुकानात पोचला. नवा फोन खोक्यातून काढून समोर ठेवलेला होता. दुकानदाराने जुना हातात घेतला, चालू करून पाहिला, टॉर्च लावला.

"वा, अजून काय झकास चालतो हो हा."

"तुम..." ज़ाहिरने घाईघाईने तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने त्याने फोन काढून घेतला आणि कराराच्या आठ महिन्यांसकट घरी निघाला.