सुग्रीवचा अर्ज आणि एक नारळ

बहात्तर साली दुष्काळात सगळं गाव खडी फोडत होतं, तेव्हा तेलगावजवळच्या एका सहकारी सोसायटीत कारकुनाची जागा निघाली. माझा धाकटा दीर सुग्रीव अकरावी पास. ही नोकरी हुकली तर त्यालाही खडीवरच जायचं होतं. घरात अक्षर माझं चांगलं.

"अर्ज माझ्यावर सोडा!" मी छाती काढून सांगितलं. "वाचणारा खुर्चीतून उठला पाहिजे!"

चुलीपुढून सासूबाई भामाबाई म्हणाल्या, "भजनात पेटी वाजवतो, लिव!"

लिहिलं. म्हशीचं दुखणं ओळखतो, तेही लिहिलं. शेवटची ओळ रिकामी राहिली, ती मला बघवेना. सुग्रीवने एकदा पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखा तळहातावर नारळ धरला होता आणि नारळ उभा राहिला होता. अर्थात, शेजारच्या भरल्या विहिरीपाशी! मी लिहिलं, 'जमिनीतले पाणी अचूक दाखवतो.'

आठ दिवसांत उत्तर आलं : 'मुलाखतीस येताना नारळ आणावा.'

"वैनी, कावून लिवलं असलं? आता तुमीच चला!"

गेलो. दारात चेअरमन सुंदरराव आणि नऊ संचालक उभे! गुणपत्रिकेकडे कुणी बघेना.

"ते ऱ्हाऊ दे बे! पाणी दाव!" सुंदरराव म्हणाले.

पाणाड्या अनवाणी चालतो, म्हणून चपला काढायला लावल्या. भर दुपारची वेळ, खाली तव्यासारखा खडक! सुग्रीव पाय भाजून उड्या मारू लागला.

"वढतंय! पाणी वढतंय!" संचालक ओरडले.

नारळ पडला. तिथेच दगड मांडून खोदाई सुरू झाली.

"किती फुटांवर?"

"तीस," सुग्रीव पुटपुटला.

तिसावर नुसता फुफाटा. मग चाळीस, मग साठ! जागेवरून हलू नये म्हणून सुंदररावांनी त्यालाच मजुरांची हजेरी लिहायला बसवलं. दोन महिन्यांनी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं, आता पोलीस!

"पाणी न्हाई लागलं. पण हजेरीत एक चूक न्हाई. किती शिकलास बे?"

"अकरावी पास हाय जी."

"मंग अर्जात कावून न्हाई लिवलं?"

सुग्रीव माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे.

सुग्रीव त्याच सोसायटीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. सासूबाई नव्वदीच्या होऊन गेल्या. ती विहीर पुढे पावसाने भरली आणि सुंदरराव मरेपर्यंत सांगत राहिले, "आमच्या सुग्रीवनं दावलेली!" माझ्याकडून मात्र घरात पुन्हा कुणी किराण्याची यादीसुद्धा लिहून घेतली नाही.