काचेतली झोप

शहराला झोप येईनाशी झाली आहे, ही गोष्ट सर्वांत आधी कुणाच्या लक्षात आली हे सांगता येत नाही. जावयाच्या लक्षात आली तेव्हा मात्र तिचा धंदा झाला.

सासऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे गाद्या-उशा, मागच्या खोलीत कापसाचा ढीग. सकाळभर म्हातारा कापूस पिंजायचा, खोळी भरायचा, लांब सुईनं टाके घालायचा आणि दुपारचं जेवण झालं की त्या ढिगावर ओंडक्यासारखा पडायचा. उभ्या आयुष्यात स्वतःसाठी म्हणून त्यानं राखलेली एवढीच चीज. बायको गेली त्या वर्षीसुद्धा ही झोप त्याला सोडून गेली नव्हती.

अशात जावयाची नोकरी गेली. नोकरी गेलेला माणूस एकतर स्वतः सुधारतो, नाहीतर दुसऱ्याला सुधारतो. जावयानं सोपं काम आधी हाती घेतलं.

“मामा, तुम्ही गाद्या विकता, तिथंच चुकता.”

“गाद्यांच्या दुकानात दुसरं काय विकू, जावईबापू?”

“झोप! गादी घेतलेला माणूस दहा वर्षं तोंड दाखवत नाही. झोप रोज लागते. आणि रोज लागत नाही, हे तर त्याहून चांगलं.”

जावयाशी वाद घालू नये अशी जुनी रीत, आणि वाद घालून कुणाला झोप लागत नाही असा म्हाताऱ्याचा अनुभव. त्यानं सुईत दोरा ओवला. आठवडाभरात पाटी बदलली. ‘नैसर्गिक निद्रा व मनःशांती केंद्र’ अशा लांबलचक नावात गादीला कुठं जागा उरली नाही.

माल एका कंपनीकडून येई. वाळक्या फुलांच्या उशा, कानामागे लावायचं तेल, मुळ्यांचा काढा, धबधब्याचा आवाज काढणारी डबी, अंगावर घ्यायची वाळू भरलेली जड दुलई आणि कपाळावर ठेवायचा गुळगुळीत दगड. सगळं अगदी नैसर्गिक. दगड नैसर्गिक आहे हे तर शत्रूलाही कबूल करावं लागलं असतं. नदीत होता तोवर तो फुकटही होता.

गिऱ्हाइकं येत, तेल हुंगत, दगड हातात घेऊन वजन बघत आणि विचारत, “पण खरंच झोप येते का हो?” यावर कंपनीनं आधीच विचार करून ठेवला होता. प्रत्येक केंद्रात एक ‘समाधानी निद्रिस्त’ दर्शनी भागात ठेवणं बंधनकारक होतं. दुकानाची पुढची भिंत पाडून तिथं काच बसवली, काचेमागे पलंग मांडला.

“तुम्ही तसेही दुपारी झोपताच, मामा. फक्त मागच्या खोलीऐवजी पुढे येऊन झोपायचं. आपल्याच लेकीच्या संसारासाठी.”

लेकीचं नाव निघाल्यावर म्हातारा आपली उशी उचलून पुढे आला.

पहिल्या दुपारी त्याला कानामागे तेल लावलं, काढा पाजला, दुलईखाली दाबला, कपाळावर दगड ठेवला, उशाशी धबधबा सुरू केला. काचेबाहेर माणसं गोळा झाली. इतक्या डोळ्यांपुढे फक्त मेलेल्या माणसाला झोप लागते, आणि तीही त्याला उठून जाता येत नाही म्हणून. म्हातारा टक्क जागा होता. धबधब्यामुळे त्याला लघवीला लागली होती. पण दुकानाची अब्रू होती. त्यानं डोळे मिटले, ओठ मिटले, हात पोटावर जुळवले आणि हळूहळू श्वास सोडू लागला.

“काय शांत चेहरा आहे!” बाहेर कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत दगड संपले.

त्या संध्याकाळी लेकीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. “बाबा, डोळे का लाल झालेत?”

“झोप कुठं लागली? नुसता पडून होतो. दुकानाची लाज राखली झालं.”

“हे मला कशाला सांगितलंत?” लेक वैतागली. “मीही तोच काढा पिते. आता माझा त्याच्यावरचा भरवसा उडाला, तर मी काय करू?”

लेकीची माफी मागून म्हातारा मागच्या खोलीत गेला. निदान तासभर ढिगावर पडावं, असा बेत होता. ढीग नव्हता. जावयानं तो मुठीएवढ्या पिशव्यांत भरून ‘खिशातला ढग’ म्हणून विकायला काढला होता. ताण आला की खिशात हात घालून ढग दाबायचा.

मग कंपनीचे निरीक्षक आले. झोपेची मानकं ठरलेली होती. तोंड बंद असावं. छाती हलावी, पोट हलू नये. चेहऱ्यावर स्मित असावं, परंतु निद्रिस्तास हसू आल्याचा संशय येऊ नये. निरीक्षकांनी काचेबाहेरून, काचेआतून आणि वाकून असं तिन्ही बाजूंनी म्हाताऱ्याला पाहिलं आणि शेरा दिला, “अव्वल दर्जाची झोप. इतर केंद्रांनी आदर्श घ्यावा.” तो आदर्श तेव्हा कित्येक दिवसांचा जागा होता, आणि कुणी खुर्ची सरकवली तरी दचकत होता.

दुकानासमोर कुलूपवाल्याची टपरी. एका सकाळी तो खांद्यावर गादी टाकून मागच्या दारानं आला. “गादीवाल्या, मला ढग नको, दगड नको. माझ्या गादीत गाठी झाल्यात, पाठीत टोचतात. करून देतोस, का तूही आता नैसर्गिक झालास?”

जावई माल आणायला गेला होता. म्हाताऱ्यानं मागच्या अंगणात गादी उसवली. काठीनं कापूस झोडला, पिंजला, पुन्हा भरला, कोपरे दाबून दाबून टाके घातले. दंडात गोळे आले, अंग घामानं निथळलं, नाकात कापूस गेला. बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागून जेवण गेलं. मग वेळ झाली म्हणून तो काचेमागे जाऊन आडवा झाला, आणि अनर्थ घडला.

त्याला झोप लागली.

आधी जबडा सुटला. मग ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची धार उशीवर उतरली. एक पाय दुलई झुगारून बाहेर आला, कपाळावरचा दगड गडगडत खाली पडला आणि घोरण्यानं काच थरथरू लागली. झोपेतच त्यानं पोट खराखरा खाजवलं. गर्दी दोन पावलं मागे सरली. एका आईनं लेकराच्या डोळ्यांवर हात ठेवला.

“अगं बाई! काय होतंय त्यांना?” एक बँकेतली बाई किंचाळली.

“झोपलाय,” समोरून कुलूपवाला म्हणाला.

“ही झोप? आम्ही पैसे मोजले ते याच्यासाठी?”

माल परत करायला रांग लागली. “कालपर्यंतची झोप दाखवली आणि गळ्यात ही मारता?” एक वकील गरजले. “घरी माझंही असंच होणार असेल, तर मी जागाच बरा!” निरीक्षक धावत आले. त्यांनी बराच वेळ घोरणं ऐकून निर्णय दिला, “सदर झोप खरी असल्याचं प्रथमदर्शनी दिसतं. तथापि ती मानकांत बसत नाही.”

जावयानं म्हाताऱ्याला हलवून उठवलं. “मामा, विश्वासघात केलात तुम्ही!”

“झोपलो, बापू.”

“तेच म्हणतोय मी!”

दुसऱ्या दिवशी पलंगावर जावयाचा मावसभाऊ आला. याला वर्षानुवर्षं झोप नव्हती, त्यामुळे चुकून लागण्याची भीती नव्हती. शिवाय दिसायला देखणा. म्हाताऱ्याला गर्दीत उभं राहून अधूनमधून “वा!” म्हणण्याचं काम मिळालं. त्याच्या शेजारी तोच वकील डोळे चोळत उभा होता.

“साहेब, डोळे मिटताहेत तुमचे. घरी जाऊन पडत का नाही?” म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं.

“वेळ कुठाय, आजोबा? जरा शांत वाटावं म्हणून इथं येतो,” काचेवरची नजर न काढता वकील म्हणाले.

म्हातारा “वा!” म्हणाला आणि रस्ता ओलांडून टपरीत गेला. कुलूपवाल्यानं मागच्या बाजूला आपली गादी अंथरून दिली. “पड. पण माझी कानस चालू राहील हां.” किल्लीवर कानस करकरत राहिली. म्हाताऱ्याचा जबडा सुटला. तिथं बघायला कुणी आलं नाही, म्हणून ती झोप अजून टिकून आहे.

जावयाचं बरं चाललंय. आता काचेपर्यंत यायचीही गरज नाही. मावसभावाची झोप रात्रभर मोबाइलवर घरबसल्या दिसते. हजारो माणसं अंथरुणात पडून, फोन नाकाशी धरून, ती पाहत जागतात. मावसभाऊ एकदाच डोळा किलकिला करतो म्हणे, पहाटे, समोरच्या पडद्यावर किती जण आणि कोण कोण बघताहेत ते पाहायला. काल त्याला तुम्ही दिसलात. तुमच्या उशाशी दगड होता.