आप्पांचा कायदेशीर अबोला

सख्ख्या भावाशी अबोला धरलेली माणसं आमच्या भेस्तानच्या सोसायटीत पुष्कळ सापडतील. कायद्याला भिऊन अबोला धरलेले मात्र एकटे आप्पाच.

आप्पा माझे शेजारी. मूळ अमळनेरकडचे, मिलमध्ये लागायला सुरतेत आले आणि आता हात धुण्याच्या पावडरीचे डिस्ट्रिब्युटर आहेत. कारखान्यातल्या हातांचं ग्रीस घालवणारी ती पावडर. सुरतेजवळचे भेस्तान आणि सचिन हे भाग आप्पांकडे, इच्छापोरचा भाग धाकट्या भावाकडे, दगडूकडे. कुणी आप्पांना चुकून एजंट म्हटलं की ते चहाचा कप खाली ठेवतात. "एजंट नाही. एजंट मालकाचा माल मालकाच्या दरानं विकतो. मी माल विकत घेतो, बुडाला तर माझा बुडतो, आणि दर मी ठरवतो." पुढचं ऐकेपर्यंत तुमचाही चहा गार होतो.

ही विद्या त्यांनी एका दुपारी मिळवली. कंपनीनं सगळ्या डिस्ट्रिब्युटरांना हॉटेलात बोलावून एका वकिलाचं भाषण ठेवलं होतं. बाकीच्यांचं लक्ष जेवणाकडे होतं, आप्पांनी वही भरली. तेव्हापासून मेथी घेतल्याशिवाय कोथिंबीर न देणाऱ्या भाजीवालीलाही ते सोडत नाहीत. एका मालाच्या गळ्यात दुसरा बांधणं कायद्याला मंजूर नाही, असं तिला गुजरातीत समजावतात. ती "चालशे, काका" म्हणते आणि मेथीच तोलते.

त्याच वहीत असंही होतं, की दोन डिस्ट्रिब्युटरांनी मिळून दर ठरवायचा नाही. आणि दोन वर्षांपूर्वी दगडू नेमका तेच घेऊन दारात आला. दादा, आपण दोघं एकच दर लावू, गिऱ्हाइकं उगाच इकडून तिकडे पळतात. आप्पांनी त्याला कायदा ऐकवला आणि वर विचारलं, हे लिहून देतोस का? दगडू चहा न घेता उठला. मग आप्पांनी विचार केला, भाऊ-भाऊ बोलायला बसले की दराची गोष्ट निघणारच. तेव्हा बोलणंच नको. भाचीच्या हळदीलाही दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसले होते.

मला हसू यायचं. पण काकूंनी एकदा सांगितलं, रोज जेवताना हे मला विचारतात, दगडूचा फोन आला होता का. काकूंना तो कायदा लागू नव्हता. त्या दिवसापासून मला तेवढं हसू आलं नाही.

यंदा दगडूच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तीन महिने खाट. इच्छापोरची गिऱ्हाइकं आपणहून आप्पांकडे यायला लागली. आप्पा त्यांना चहा पाजून नावं लिहून घ्यायचे. मोठ्यानं धाकट्याचा धंदा गिळला, अशी सोसायटीत कुजबुज सुरू झाली. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

मी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट, म्हणून आप्पांची इंग्रजी पत्रं वाचायला माझ्याकडे येतात. परवा कंपनीचं आलं. दगडू माल उचलत नाही, सबब इच्छापोर त्याच्याकडून काढून आप्पांना द्यायचं आहे, संमती कळवावी.

आप्पा बराच वेळ वहीची पानं उलटत बसले. मग म्हणाले, "लिही ताई. इच्छापोरचं काम बंद नाही. दगडू बरा होईपर्यंत त्यानं एजंट नेमलाय. गिऱ्हाइकांची यादी सोबत जोडली आहे, माल दगडूच्या नावावर पाठवा."

"एजंटाचं नाव?"

आप्पांनी स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी टाइप करताना वर पाहिलंच नाही.

नेमणूक दगडूनं करायची असते, एवढं मात्र मी त्यांना सांगितलं.

"तेच विचारतो आता. आणि दरही. एजंटानं मालकाला दर विचारायला कायद्याची आडकाठी नाही." त्यांनी वहीतली ओळ मला दाखवली.

नंबर त्यांना पाठ होता. पलीकडून फोन उचलला गेला.

"दगडू, मी बोली ऱ्हायनू," ते गावच्या अहिराणीत म्हणाले. "तुनी पाठ कशी शे?"

अर्धा तास दोघे बोलत होते. दर विचारायचा राहूनच गेला.