दादाचा फोटो आणायला गेलो

"दादाचा फोटो मी आणतो," असं मी आईला म्हणालो, तिथंच चुकलं. (मी आधी बोलतो, मग विचार करतो. शाळाही अशीच सुटली.)

दादा, म्हणजे धम्मरत्न, चाकणला शिफ्टला जाताना गाडीवरून पडला तो उठलाच नाही. रविवारी पुण्यानुमोदन आणि घरात मांडायला धड फोटो नाही. त्याचे सगळे फोटो मी काढलेले. कुठं नुसतं हेल्मेट, कुठं मुंडकंच नाही, बाकी सगळीकडे माझं बोट. एकच चांगला होता, तो कंपनीच्या भिंतीवर, 'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून.

गेलो. भिंतीवर 'कंपनी हेच कुटुंब' लिहिलेलं, खाली दादाच्या जागी खिळा. डोक्यावर चार कॅमेरे. तिथंच प्रज्वल भेटला, तीन वर्षं दादाच्या डब्यातली भाकरी खाल्लेला.

"प्रज्वलभाऊ, दादाचा फोटो कुठाय?"

त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. "कोण दादा?"

"धम्मरत्न."

"मी नाही ओळखत," असं तो मोठ्यानं म्हणाला. माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता.

ऑफिसात विजयश्री मॅडमनी कॉम्प्युटर पाहिला. "या नावाचा कामगार आपल्याकडे नव्हता."

"तीन वर्षं होता, मॅडम."

"सोडून गेलेल्यांची नावं काढतात. फोटोही. सिस्टीममध्ये नाही म्हणजे नव्हता."

"तो सोडून नाही गेला. वारला."

"त्याला वेगळा कॉलम नाही."

माझं डोकं फिरलं. तरातरा गेटवर आलो. तिथं चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन आहे. आम्हा भावांचं तोंड सारखं. मी थोबाड पुढं केलं.

"गुड मॉर्निंग, धम्मरत्न," मशीन म्हणालं.

तीन आठवड्यांत त्याचं नाव न रडता कोणी घेतलं नव्हतं. मी पुन्हा चेहरा दाखवला. पाच वेळा ऐकलं. मग मला अक्कल सुचली आणि मी मॅडमना बोलावून आणलं.

"ऐका. आहे की नाही?"

मॅडमनी ऐकलं. "बरं झालं दाखवलंत. एवढं राहूनच गेलं होतं," म्हणाल्या आणि दोन बटणं दाबली.

मी पुन्हा चेहरा पुढं केला. "ओळख पटली नाही." मग वॉचमननं मला बाहेर काढलं.

आईला सगळं सांगितलं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग म्हणाली, "तुझा लायसनचा फोटो मोठा करून आण. मशीनला चाललास ना, मग लोकांनाही चालशील."

रविवारी मी हार घालून टेबलावर होतो आणि खाली चहाही वाटत होतो. शेजारचे कोंडीराम काका मला सात वर्षं रिकामटेकडा म्हणत आलेत. त्यांनी मेणबत्ती लावली, फोटोकडे बघून डोळे पुसले. "चेहऱ्यावरच दिसतंय बघ, किती गुणी पोरगं होतं."

मी कप पुढं केला. काकांनी मला खालून वर न्याहाळलं.

"ह्याच्यातलं थोडं तरी तुझ्यात यायला पाहिजे होतं, राव."