लोबोंचं घर सांगलीला येतं

बुधवारी सकाळी वेंगुर्ल्याचं लोबोंचं दीडशे वर्षांचं घर सांगलीला वत्सलाबाई कारखानीसांकडे राहायला आलं. आंबोलीचा घाट चढून आल्यामुळे कौलं तेवढी विस्कटली होती.

चूक म्हणाल तर वत्सलाबाईंचीच. फिलोमिना लोबोंनी सासऱ्यांचं ते जुनं घर नीटनेटकं करून पर्यटकांना द्यायला काढलंय. वत्सलाबाई तिथे दोन रात्री राहिल्या, आणि निघताना उंबऱ्याकडे बघत सवयीने म्हणाल्या, "या हं एकदा आमच्याकडे!" आपण सगळेच म्हणतो हो, येतं कोण? पण समुद्राकाठच्या घराला घाटावरची ही रीत कुठून ठाऊक असणार?

वत्सलाबाईंना मात्र काय करू नि काय नको असं झालं. यजमान गेल्यापासून त्यांच्या दारात कुणाची बॅग टेकली नव्हती. मुलगा पुण्याहून यायचा, पण खाली गाडी चालू ठेवून.

सोसायटीचे सेक्रेटरी गुळवणी लगेच हजर. "बाई, पाहुण्यांचं वाहन आवारात लावता येत नाही."

"वाहन नाही, पाहुणंच आहे ते."

"असं होय. मग हरकत नाही. फक्त खालच्या गाळ्यातल्या कुरिअरवाल्याची पाटी झाकली जातेय."

घर निमूटपणे हातभर सरकलं.

मग काय! वत्सलाबाई दोन कप चहा घेऊन खाली जायच्या, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसायच्या आणि दोन्ही कप स्वतःच प्यायच्या. मुलाबद्दल बोलायच्या, यजमानांबद्दल बोलायच्या. घर एकही दार न वाजवता ऐकून घ्यायचं. त्याच्या भिंतींची ओलही सांगलीच्या कोरड्या हवेत बरीच कमी झाली.

शुक्रवारी फिलोमिनांचा फोन आला. "वत्सलाबाय, माझा घर थंय इला काय?"

"आलंय ना. मजेत आहे."

"मेल्यान सांगान तरी जावचा! मी बाजारात गेलंय, परत इलंय तर घर नाय! उद्या पाव्हणे येतले, तेंका खंय निजवू, माझ्या डोक्यार?"

वत्सलाबाईंचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच्या पाहुण्यांचा खोळंबा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिन्हीसांजेला त्यांनी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, खण-नारळ आणि तांदळाने ओटी भरली. "सावकाश जा. घाटात जपून," एवढंच कसंबसं म्हणाल्या आणि वर येऊन पदर तोंडाला लावून रडल्या. घर निघालं तेव्हा खाली बघायचा त्यांना धीर झाला नाही.

सकाळी दूध आणायला उतरल्या, तर आवारात व्हरांडा तसाच. बाक, पायऱ्या, सगळं जागच्या जागी. गुळवणी बाकावर पेपर वाचत बसले होते.

"पाहुणं काही विसरून गेलं वाटतं," ते म्हणाले आणि बाईंना बसायला जागा करून दिली.

तेवढ्यात फोन वाजला. "बाय, व्हरांडो थंय रवलो काय? इसारलंय म्हणता! इतक्या वर्सांत कदी एक खिळो इसारूक नाय! आता कुरियरान धाडशात काय?"

वत्सलाबाईंनी समोर पाहिलं. दोन हातांवर कुरिअरवाला एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"आमच्याकडे कुरिअर नाही हो," त्या म्हणाल्या. "न्यायलाच यावं लागेल त्याला."

कुरिअरवाल्याने मान वर करून बाईंकडे पाहिलं, उठला आणि पाटी काढून आत ठेवली.